दोन तासाला कूस

मु. तेलगाव, माघ वद्य पंचमी, शके १८४२

चि. अर्जुनास बायनाचा आशीर्वाद. तुझी आक्का जिती हाय, हे पयलं वाच आणि मग खाली बसून बाकीचं वाच.

बसऱ्याच्या लढाईत पाय गेलेल्या शिपायांना तू चाकाच्या खुर्चीत बसवायचास, तिचा नकाशा धाडलतास. त्यावरनं तात्याबा सुतारानं खुर्ची केली. बाभळीची फळी, रंधा मारून मारून आरशागत गुळगुळीत. दसऱ्याच्या आधी मी माळवदावरनं पडले, तवापासनं चार महिने आढं मोजत पडलते. खुर्ची आली आणि मला येडच लागलं. दिस उगवताना बसले की दिवे लागेपर्यंत उतरायचंच न्हाई. ओट्यावर बसायचं, पाण्याला जाणाऱ्या बायांना हाका मारायच्या, कोंबड्यांना शिव्या द्यायच्या. आठ दिस मी राजावानी काढले.

नवव्या दिवशी लुगडं बदलताना माझ्या सासूनं, आत्याबाईनं, नाकाला पदर लावला. माकडहाडावर बोर बसंल एवढं भोक पडलतं. आता त्यात अख्खं लिंबू बसतंय. कडंनं काळं, आत पिवळं. वास असा की गावातलं कुत्रं उंबऱ्यापाशी येऊन बसतंय, हाकललं तरी जात न्हाई.

दुखत मात्र काईच न्हाई बघ. कमरेखाली मी हायेच कुठं? दुखलं असतं तर बोंबलले असते, कुणीतरी येऊन बघितलं असतं. आत्याबाई चुलीतली राख भरती. घरधनी म्हणतात, वास येतोय, हिला गोठ्यात टाका.

मला मरायचं न्हाई आर्जुन. तिशी बी न्हाई झाली माझी. काय उपाव असंल तो कळीव. शिव्या द्यायच्या तर दे, पण लवकर कळीव.

(लिहिणार पंडित गुरव, मारुतीच्या देवळातला. बाई बोलतात तसं लिहितो. त्यांचे मालक बिभीषणराव यांच्याविषयी दोन वाक्यं बाईंनी निव्वळ शिव्यांची सांगितली, ती गाळली आहेत. देवळात बसून तसलं लिहवत नाही. बाईंना वाचता येत नाही, म्हणून ही कबुली तुम्हालाच देतो.)


जालना, फाल्गुन शुद्ध द्वितीया

आक्कास अर्जुनाचा दंडवत.

शिव्या दे म्हणालीस, तर पहिली शिवी मलाच. खुर्चीचा नकाशा काढला आणि तीत गादी काढायची विसरलो. लाकडावर दिवसभर बसवून मीच तुझं मांस कुजवलं. दुसरी शिवी त्या राखेला. आजच्या आज ती धुऊन काढा.

तुला भ्यावं म्हणूनच सांगतो. बसऱ्याला आमच्या तंबूत एक शिपाई होता. पाठीच्या मणक्यात गोळी. गोळीची जखम महिन्यात भरली, पण अंथरुणानं पाडलेली जखम भरली नाही. मी रोज पट्टी बदलायचो. शेवटी शेवटी त्यात माझी मूठ जायची. तळाला हाड दिसायचं, धुतल्यासारखं पांढरं. तो मरायच्या दिवसापर्यंत मला म्हणायचा, ड्रेसरभाऊ, दुखत नाही म्हणजे बरं होत असेल.

दुखत नाही हेच दुखणं आहे, आक्का.

आता ऐक. मीठ घालून पाणी उकळायचं, कोमट झालं की त्यानं जखम धुवायची. जुनं धोतर उकळून वाळवायचं, त्याचीच घडी आत भरायची. दूध, अंडी, मटणाचं पाणी, जे मिळेल ते खा. लाजू नकोस, जखम मांस मागते. आणि घागरीखाली डोक्यावर चुंबळ घेतेस ना? तशीच मोठी चुंबळ करून बुडाखाली घे, म्हणजे भोकाची जागा अधांतरी राहील. इथल्या दवाखान्यात रबराची, हवा भरलेली असते, ती मी मिळवून धाडतो.

पण हे सगळं हळद लावण्यासारखं आहे. बैलाचा खांदा आला तर नुसती हळद लावून भागतं का? जू उतरवावं लागतं. तुझ्या अंगाचं वजन हेच तुझं जू. म्हणून दर दोन तासाला कूस बदलायची. एक तासही चुकवायचा नाही. हे तुझ्या सासूला पंडितांकडून दोनदा वाचून दाखव.


मु. तेलगाव, चैत्र शुद्ध अष्टमी, शके १८४३

चि. अर्जुनास आशीर्वाद.

तुझ्या कागदानं माझी म्हातारी सासू पार खुळी झाली, ते आधी ऐक.

फाल्गुनात घरामागं नांगरट चालू झाली. पंडितनं वाचलं, दोन तासाला कूस. दगडाबाईचा जन्म गेला शेतात, तिला तास म्हंजी एकच ठावं, नांगराचा, रानात पडती ती रेघ! ती परसात उभी राहून नांगराकडं बघायची. बैलं एक तास घालून बांधाला लागली, वळली, दुसरा तास घालून आली, की ही पळत घरात. मला भाकरीगत उलथायची आणि पुना पळत परसात. दिसातनं वीस येळा, पंचवीस येळा. मी म्हणायचे, आत्याबाई, मला माणूस ऱ्हाऊ द्या. ती म्हणायची, गप पड, तुझ्या भावानं ल्हिलंय. रातच्याला तर डोळं चोळत बसायची, म्हणायची, अंधारात किती तास झाले असतील गं?

आणि आर्जुन, जखम भरली! लिंबाचं बोर झालं. कुत्रं उठून गेलं. आमी दोघी त्या दिवशी गूळ खाल्ला.

मग नांगरट सरली. शेतात तासच न्हाई म्हणून म्हातारीनं कूस बंद केली. मला वाटलं उपाव पुरा झाला असंल. आठ दिसात परत काळं पडलं, आता जांभळाएवढं.

नांगराकडं टक लावती म्हणून घरधन्याला वाटलं, आपल्यावर राखण ठेवली. त्यांनी जल्मदात्या आईच्या पाठीवर आसूड ओढला. वळ उठला. ती तशीच आली आणि मला उलथून गेली. मला तो वळ दिसला आणि माझे पाय असते तर, असं वाटलं. असते तर काय केलं असतं ते लिहीत न्हाई. पंडित बी लिहिणार न्हाई.

तुला सांगायचं एवढंच, की तास म्हंजी काय ते नीट कळीव.

(पंडित: मी 'तास' वाचलं, त्यांनी काय ऐकलं हे मला परवा कळालं. हसावं की रडावं ते समजेना. लिहिताना बिभीषणराव येऊन उभे राहिले, म्हणाले, "काय खरडतो बे?" मी पाऊसपाण्याचं वाचून दाखवलं.)


जालना, वैशाख शुद्ध दशमी

आक्कास दंडवत.

तुझं पत्र वाचून इथं एकटाच मोठ्यानं हसलो, आणि आसुडाच्या ओळीपाशी हसू थांबलं. त्या म्हातारीला माझा नमस्कार सांग. लढाईतल्या डॉक्टरनं जे केलं नाही ते तिनं चुकून केलं.

तास घड्याळाचा, नांगराचा नव्हे. घरात घड्याळ नाही, तर असं करा. ओट्याच्या खांबाची सावली फरशीच्या चिऱ्यांवरून सरकते. एक चिरा ओलांडला की तास झाला असं धरा. सावली बघायचं काम तुझं. म्हातारीची नजर अधू आहे हे मला ठाऊक आहे, लांबची बैलं दिसली तरी सावलीची कड तिला दिसायची नाही. तू बसल्या जागेवरून म्हणायचं, "झाले तास", आणि तिनं उलथायचं. रात्री तिला जाग येईल तेव्हा.

काळं पडलेलं मांस मेलेलं असतं. ते आत राहिलं तर खालचं जितं मांस खाऊन टाकतं. वस्तरा उकळा आणि ते कापून काढा. लाल दिसेपर्यंत कापायचं. रक्त आलं की थांबायचं. रक्त येणं हे शुभ समजा.

आता एक विचारतो. हजारभर पडलेली माणसं मी उचलली आहेत. पाय घसरून पडणारा माणूस हात पुढं टाकतो. त्याचं मनगट मोडतं, गुडघा फुटतो. तुझं मनगट धड, गुडघे धड, आणि पाठ मोडली. पाठमोरा माणूस आपण होऊन माळवदावरून पडत नाही, आक्का. तुला कुणी ढकललं?


मु. तेलगाव, आषाढ शुद्ध त्रयोदशी

चि. अर्जुनास आशीर्वाद.

न्हाव्याला बोलावलं तर तो म्हणला, जित्या बाईचं मांस मी कापत न्हाई. मग आत्याबाईनंच वस्तरा घेतला. मला पालथी घातली. दुखत तर न्हाई, मग मी करावं काय? गप पडून आवाज ऐकत व्हते. वांगं चिरल्यागत आवाज येतो. म्हातारी डोळे फाडून, जखमेला नाक लावून कापत व्हती. कापायची आणि रडायची, रडायची आणि कापायची. मी म्हणले, आत्याबाई, रडू नका, हात हालंल. तर म्हणली, तुझ्या आईला गं, गप! मग एकदम वरडली, "आलं! रगत आलं, बायना!" पोरगं झाल्यागत वरडली. शेजारच्या बाया धावत आल्या.

तवापासनं जखम खालनं भरती हाय. डाळिंबाच्या दाण्यागत लाल दिसती म्हणत्यात. मी रोज खांबाची सावली बघते. तास झाले म्हणलं की म्हातारी हातातलं टाकून येती. तुझी रबराची चुंबळ बी पोचली. तिच्यात हवा भरताना आत्याबाईचे गाल फुगले, की मला हसून हसून धाप लागती.

तू इचारलंस त्याचा जबाब. दसऱ्याच्या आधी बाजरीची कणसं वाळत घातलती. माळवदावर शेवाळ व्हतं. पाय सरकला, पडले. पोलीसचौकीचे अमीनसाब आलते, त्यांनी आत्याबाईचं बयान घेतलं, पंडितची गवाही घेतली. सगळ्यांनी तेच सांगितलं. देवाची आण घेऊन सांगते. पुना इचारू नको.

(अर्जुनराव, अक्षर वाकडं आहे, कारण उजव्या हाताची दोन बोटं मोडली आहेत. परवा बिभीषणराव देवळात आले. "जालन्याला एवढं काय लिहितो बे?" म्हणून माझा हात पायरीवर दाबून वर टाच दिली, आणि टाच फिरवली.

आता माझ्याकडून गाळलं जाणार नाही. बाई पडल्या नाहीत. देवळाच्या पायरीवरून समोरचं माळवद दिसतं. बिभीषणराव दुसरं लग्न करतो म्हणत होते. बाई म्हणाल्या, माझ्या मढ्यावरून कर. त्यांनी दोन्ही हातांनी छातीवर ढकललं. मी पाहिलं, दगडाबाईंनी पाहिलं. दोघांनीही अमीनापुढं 'पडल्या' म्हणून सांगितलं. त्यांनी पोटच्या पोरापायी, मी भेकडपणापायी. बाई तुम्हाला खोटं सांगतात, कारण तुम्ही येऊन त्याला माराल आणि फासावर जाल, ही त्यांना धास्ती. पाठचे भाऊ तुम्ही एकटेच. हे सगळं मी त्यांना वाचून दाखवलेलं नाही.)


जालना, श्रावण शुद्ध पंचमी

आक्कास दंडवत. रजा मिळाली आहे. पोळ्याला तुझ्याकडे येतो. जखमेला जप.

(सोबतचा कागद पंडित गुरव यांस. हा वाचून जाळावा.

पंडित, तुमची बोटं मोडली त्याचा मला राग नाही. खरं सांगायला तुम्हाला बोटं मोडून घ्यावी लागली, त्याचा आहे. लढाईतून येताना एक सुरा आणला होता. दोन वर्षं पेटीत होता, काल काढून धार लावली. मणका कुठं तोडला की माणूस मरत नाही आणि उठतही नाही, ते मला ठाऊक आहे. आधी तिथं, मग गळ्यावर. पोळ्याच्या दिवशी गाव बैलांच्या मागं असतं, घरी कुणी नसतं. आक्काला कळू देऊ नका.)


मु. तेलगाव, भाद्रपद शुद्ध सप्तमी

चि. अर्जुनास आशीर्वाद.

पोळ्याला तू आलास तवा ओट्यावर अमीनसाब बसलते. तू बाजेवर पडलेल्या माणसाकडं बघितलंस, माझ्याकडं बघितलंस, आणि काय झालं ते कुणी तुला सांगितलं न्हाई. दोन दिस अमीन हालला न्हाई, तुझी रजा सरली. आता सांगते.

तुझा कागद आला, पंडितनं वाचला, भाऊ पोळ्याला येतो. मी आनंदानं आत्याबाईला सांगितलं. ती म्हणली, "भाऊ पंचमीला येतो, दिवाळीला येतो. पोळा बैलाचा सण. पोळ्याला भाऊ कावून येतो?" ती तशीच देवळात गेली. पंडितला खांबाशी धरलं. त्याला हिचं भ्या वाटलं का स्वतःची लाज वाटली, त्यालाच ठावं. त्यानं सुऱ्याचं सांगून टाकलं. म्हातारी घरी आली आणि मला म्हणली, "तुझा भाऊ आला म्हंजी एक मढं आणि एक फाशी." मग चार दिस गेले. मला उलथायची तेवढं उलथायची.

खांदेमळणीचा दिस, पोळ्याचा आदला. दिस मावळतीला गेलता. बैलं धुऊन अंगणात बांधली व्हती, जू-शिवळा उतरून भिंतीला लावल्या व्हत्या. म्हातारी वाटीत तूप-हळद घेऊन बैलांचे खांदे मळत व्हती आणि एकेकाच्या कानात म्हणत व्हती, "आज आवतण घ्या, उद्या जेवाया या." मी बैलांच्या पाण्याच्या डोणीपाशी खुर्चीत बसलते. जखम मुगाएवढी ऱ्हायलती, आर्जुन. सात महिन्यांनी मुगाएवढी!

वाटीत तूप उरलं. म्हातारी माझ्याजवळ आली, गुडघे टेकले, माझ्या खांद्याला, पाठीला ते तूप चोळलं आणि मला म्हणली, "आज आवतण घ्या, उद्या जेवाया या." मला हसू बी आलं आणि रडू बी आलं. मी म्हणले, आत्याबाई, मी बैल हाय का? ती म्हणली, "जू तर तुझ्याच मानंवर व्हतं. मी अमीनाला पडली म्हणून सांगितलं. मी बघितलंतं बायना. मी खोटं बोलले."

घरधनी ओट्यावर उभे व्हते. त्यांनी ऐकलं.

वरनं उडी टाकून आले आणि खुर्चीला लाथ घातली. मी फरशीवर तोंडावर पडले. दात पडला, तोंडात रगत. माझे केस मनगटाला गुंडाळले आणि मला फरफटत जिन्याकडं नेलं. "एकदा नीट पडली न्हाईस, आता पुरती पाडतो," असं म्हणत व्हते. फरशीवर माझ्या मागं रगताची रेघ उठलती. जखम उसवली ती मला कळलीच न्हाई, रेघ बघून कळली. दोन पायऱ्या मला वर वढली.

तवा मागनं आवाज आला. आत्याबाईनं जुवाची शिवळ, ती दांडगी लाकडी खुंटी, उचललती. पयली गुडघ्यावर बसली. ते केस सोडून वळले, "आये, तुझ्या तर," म्हणाले. दुसरी कानशिलावर. तिसरी तोंडावर. ती मोजत व्हती का काय कोण जाणे, पण प्रत्येक घावाला म्हणायची, "हा बायनाचा. हा माझा. हा तुझ्या बापाचा, त्यानं बी असंच केलतं." ते मागं मागं सरकले, बैलाच्या दाव्यात पाय अडकला, आणि उताणे पडले ते डोणीच्या दगडी काठावर. काडकन आवाज झाला. बैलं बिथरली. म्हातारी शिवळ धरून तशीच उभी.

मग ते म्हणले, "आये, माझे पाय कुठं गेले?"

तेवढंच. मला तो सवाल वळखीचा. माळवदाखाली पडले तवा मी बी हेच इचारलतं.

दुसऱ्या दिवशी अमीनानं बयान घेतलं. दगडाबाई म्हणली, "पडला. पाय सरकून पडला." पंडित म्हणला, पडले. मी बी म्हणले, पडले. अमीनसाब माझ्या फुटक्या तोंडाकडं बघत म्हणले, "या घरात लई लोकं पडतात, पाटलीणबाई." आत्याबाई म्हणली, "घरच तसं हाय."

आता आत्याबाई दोघांना उलथती. तास मी सांगते. तुझा सुरा पेटीत ठेव.


जालना, भाद्रपद वद्य चतुर्थी

आक्कास दंडवत.

सुरा पेटीत ठेवला. आता त्याचं कामच उरलं नाही, ते का, ते सांगतो. पंडितांनी हे सगळं वाचावं, एक शब्द गाळू नये.

त्याला उलथू नका. दुसरं काही करायचं नाही. विष नको, सुरा नको. सावली चिऱ्यावरून जाऊ दे, आणि तू गप बस. पहिल्या दोन दिवसांत माकडहाडावर तांबडा डाग येईल. मग तो काळा पडेल. मग वास सुटेल. चाळीस दिवस, फार तर पन्नास. जगात कुठल्याही अमीनाला त्यात गुन्हा सापडायचा नाही, कारण तुम्ही काहीच केलेलं नसेल. ह्या बाबतीत माझ्याइतकं जाणतं माणूस तुला मिळणार नाही. म्हातारीला दिसत नाही. तास झाले की नाही, हे तुझ्या एकटीच्या तोंडात आहे.

त्यानं तुला आयुष्यभर बसवलं. तू त्याला चाळीस दिवस पडू दे. उसवलेली जखम भरून निघेपर्यंत तुझं दूध, तुझं मटण त्याच्या वाट्याला जाता कामा नये. मी हे रागात लिहिलेलं नाही. तीन दिवस विचार करून लिहिलं आहे.


मु. तेलगाव, आश्विन शुद्ध षष्ठी

चि. अर्जुनास आशीर्वाद.

पंडितनं या येळला एक बी सबूद गाळला न्हाई. ओट्यावर बसून मोठ्यानं वाचलं. घरधनी तीन हातांवर बाजेवर पडलेले. सगळं ऐकलं. आत्याबाई पाण्याला गेलती.

वाचून झालं आणि मी गप बसले, आर्जुन. तुझं ऐकलं. खोटं कशाला सांगू, मला लई गोड वाटलं. सावली एक चिरा सरकली, दोन चिरे सरकली. म्हातारी आली आणि म्हणली, "बायना, झाले का गं तास?" मी म्हणले, न्हाई अजून. ते वरडले, आये, झाले, तर म्हातारी म्हणली, तास बायना सांगती, तू न्हाई. ते माझ्याकडं बघत व्हते. त्यांना ठावं, मला ठावं, म्हातारीला न्हाई. परत म्हातारी म्हणली, झाले का गं? मी म्हणले, न्हाई. असे तीन दिस. पयल्या दिवशी त्यांनी शिव्या दिल्या. दुसऱ्या दिवशी म्हणाले, बायना, मी तुझ्या पाया पडतो. मी म्हणले, पडा की, पाय कुठं हायेत? तिसऱ्या दिवशी नुसते सावलीकडं बघत पडले.

माझी खुर्ची बाजेच्या उंचीची. धोतर सरकलं तवा डाग मला दिसला, तांबडा, बोराएवढा. तू ल्हिलंतं तसाच. संध्याकाळी वास आला. थोडासाच, पण मला तो हजारात वळखू येतो. माझाच वास, आर्जुन. माझ्या अंगातनं येत व्हता, तोच त्यांच्यातनं येत व्हता. आणि उंबऱ्याकडं बघितलं तर कुत्रं येऊन बसलेलं.

मी वरडले, "आत्याबाई, झाले तास! कवाच झाले! पळा!"

म्हातारी पळत आली. त्यांना उलथलं तवा तिच्या हाताला ओल लागली. तिनं हात नाकाला लावला. मग माझ्याकडं बघितलं. तिला दिसत न्हाई नीट, पण बघितलं. तिला समदं कळलं. मीठ-पाणी उकळायला गेली.

ही दया हाय असं समजू नको. दया मला म्हातारीची येती, ती त्यांना उलथताना पोटाला धरून आई गं म्हणती. त्यांची मला दया न्हाई. चाळीस दिसात मेले असते तर सुटले असते. मी न्हाई सोडत. जगू देत. माझ्याएवढंच जगू देत. दिवसातनं सहा येळा माझ्या तोंडातनं तास झाले हे निघंल का न्हाई, ह्याची वाट बघत पडू देत. काल मी त्यांना तेच सांगितलं, तोंडावर. म्हणले, मी तुमाला मरू देणार न्हाई. तर रडले. भ्यानं रडले का काय ते मी इचारलं न्हाई.

पर तू ल्हिलंस तसं मला करवलं न्हाई, हे बी खरं. तीन दिस केलं, चौथा करवला न्हाई. तुला राग आला तर येऊ दे.

माझी जखम परत बोराएवढी हाय, भरती हाय. त्यांची काळी पडायची हाय, आत्याबाईनं वस्तरा उकळून ठेवलाय. घरात चुंबळ एकच हाय, ती मी देणार न्हाई. दुसरी धाड. माझ्या मापाची नको, गड्याच्या मापाची, दांडगी. हवा भरायला म्हातारीचा दम पुरत न्हाई, ती पंडित भरंल. आणि खुर्चीचा नकाशा परत काढून धाड, तात्याबानं पयला हरवला. या येळला गादी काढायला इसरू नको.

दसऱ्याला सोनं द्यायला ये. सुरा आणू नको. आता थांबते, खांबाची सावली चिऱ्याच्या कडंला आली

(पंडित: बाईंनी इथे हाक मारली. दगडाबाई हातातला पोहरा टाकून धावल्या, आणि एकटीला उलथवेना म्हणून मलाही बोलावलं. मोडक्या बोटांनी मी त्यांचा खांदा धरला. पत्र तेवढंच राहिलं.)